साहेबांच्या अकाउंटसाठी घेतलेली युबिकी: पैसे वसूल, पण...

युबिकी म्हणजे लॉगिन करताना ओटीपीच्या जागी लावायची छोटी किल्ली. रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचपैकी चार. एक स्टार कशाला कापला ते पुढे येईलच.

माझं काम निळ्या टिकवाली अकाउंटं सांभाळायचं. एक राजकारणातले साहेब आहेत आणि एक सिरियलमधल्या ताई. बाहेरून वाटतं की अशा लोकांची सिक्युरिटी एकदम टाईट असणार, आणि आत बघाल तर पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन करून ठेवलेला, नंबर साहेबांच्या नावावर पण सिम पीएच्या दुसऱ्या फोनमध्ये, पीए दौऱ्यावर, आणि इकडे डिझाइनवाला पोरगा ग्रुपवर बोंबलतोय, "दादा ओटीपी आला का, टाका ना लवकर, जयंतीची पोस्ट अडकलीय." आणि दादा ग्रुपवरच ओटीपी टाकणार! मागच्या इलेक्शनला घेतलेली आणि नंतर दुसऱ्या पक्षाचं काम धरलेली पोरंसुद्धा त्याच ग्रुपात, कोणी काढलंच नाही त्यांना.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये, ऐन भारत-पाकिस्तान आशिया कप मॅचच्या दिवशी, एकनाथ शिंदेंच्या एक्स अकाउंटवर पाकिस्तान आणि तुर्कीचे झेंडे दिसले. अकाउंट थोड्याच वेळात परत मिळालं, पण आमच्या साहेबांनी ते बघून विचारलं, "आपलं काय रे?" मग ही की घेतली, नाहीतर कोण एवढे पैसे देतंय.

युबिकी म्हणजे पेनड्राइव्हएवढा तुकडा. बनवणारी कंपनी युबिको, मूळची स्वीडनची. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, पाण्यात पडली तरी चालते. आम्ही घेतली ती ५सी एनएफसी, म्हणजे लॅपटॉपच्या टाईप-सीमध्ये जाते आणि फोनला नुसती मागून टेकवली तरी काम होतं. पासवर्ड टाकायचा, की लावायची, मधल्या सोनेरी गोलावर बोट ठेवायचं, बास. ओटीपीची वाट बघणं नाही, रेंज नाही म्हणून अडणं नाही.

खरी मजा तिच्या आतल्या कामात आहे. ओटीपी माणसाला दिसतो, म्हणून माणूस तो चुकीच्या ठिकाणी टाईप करू शकतो. ताईंना आठवड्याला "तुमच्या पोस्टवर कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत व्हेरिफाय करा" असले मेसेज येतात, लोगो बिगो सगळा परफेक्ट. २०२० च्या डिसेंबरमध्ये उर्मिला मातोंडकरचं इन्स्टा अशाच व्हेरिफाय करा म्हणणाऱ्या मेसेजवरून गेलं होतं आणि त्यांनी मुंबई सायबरकडे तक्रार केली होती. की मात्र ज्या साइटवर रजिस्टर केली तिचा पत्ता बघूनच उत्तर देते. पत्त्यात एक अक्षर इकडेतिकडे असलं तरी ती गप्प बसते, मग शूटिंगवरून रात्री दोनला दमून आलेल्या माणसाने कितीही क्लिक केलं तरी चोराच्या हाती पासवर्डच्या पुढे काही लागत नाही. किती कडक, तर ट्विटरचं एक्स झालं तरी तिथे रजिस्टर केलेल्या की जुन्या ट्विटरच्या पत्त्यालाच बांधलेल्या राहिल्या, आणि २०२५ मध्ये तो पत्ता बंद करायचं ठरल्यावर एक्सला की वापरणाऱ्या सगळ्यांना "परत रजिस्टर करा" असं सांगावं लागलं. गुगलने २०१९ मध्ये आकडे दिले होते, नेमका माणूस हेरून केलेल्या हल्ल्यांपैकी एसएमएस कोडने ७६ टक्के अडले, सिक्युरिटी कीने सगळेच्या सगळे.

सिमचा धोका तर वेगळाच. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सेबीचं, म्हणजे एसईसीचं एक्स अकाउंट सिम स्वॅपने, म्हणजे चोराने नंबरच आपल्या सिमवर वळवून घेतल्याने गेलं आणि बिटकॉइन ईटीएफ, म्हणजे बिटकॉइनवर चालणारा फंड मंजूर झाल्याची खोटी पोस्ट पडली, बिटकॉइनचा भाव लगेच उडाला. आणि मूळ कारण ऐका, लॉगिनला त्रास होतोय म्हणून त्यांच्याच स्टाफने टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी काढून घ्यायला सांगितलं होतं, ते सहा महिने बंदच राहिलं. आपल्याकडच्या कुठल्याही संपर्क कार्यालयात शोभेल असं काम.

आता कापलेला स्टार. की तुमचं लॉगिन वाचवते, लॉगिन झाल्यानंतरचं काही नाही. २०२३ मध्ये लायनस टेक टिप्सचं यूट्यूब चॅनल गेलं ते स्पॉन्सरशिपच्या नावाने आलेली फाइल स्टाफमधल्या एकाने उघडली म्हणून. त्यातल्या व्हायरसने ब्राउझरमधलं चालू सेशनच, म्हणजे आधीच झालेलं लॉगिनच पळवलं, ना पासवर्ड लागला ना टू-फॅक्टर. ताईंच्या मेलवर असे "कोलॅब" रोज पडतात, त्यामुळे ते मेल उघडायचा लॅपटॉप आम्ही वेगळाच केलाय. त्यावर यूट्यूबचं लॉगिनच नाही.

आणि की आली की दुसरं भांडण सुरू होतं, ती कोणाकडे राहणार? आमच्या पीएंचा चेहरा बघायला पाहिजे होता, "बारा वर्षं साहेबांबरोबर आहे, माझ्यावर विश्वास नाय का?" आता यात विश्वासाचा काय संबंध, पण सांगणार कोण. शेवटी असं केलं की मेन लॉगिन आणि की साहेबांकडेच, बाकीच्यांना एक्सवर डेलिगेट म्हणून, म्हणजे स्वतःच्या लॉगिनने साहेबांच्या वतीने पोस्ट टाकणारे म्हणून घेतलं, फेसबुक पेजवर आणि यूट्यूब चॅनलवर ज्याच्या त्याच्या नावाने परवानगी दिली. आता पासवर्ड कोणाला माहीतच नाही आणि सोडून गेलेल्या पोराचं नाव एका क्लिकमध्ये कटाप. खरं सांगायचं तर हे करायला की लागतच नाही, फुकटात होतं, पण दहा हजारांच्या वर गेले म्हटल्यावर लोक ऐकतात. साहेबांच्या गुगल अकाउंटला ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन, म्हणजे गुगलचीच जास्त कडक सिक्युरिटी पण लावलीय, तीही फुकट.

घेणार असाल तर दोनच घ्या, एक हरवली की दुसरी पाहिजे, आणि दोन्ही पहिल्याच दिवशी रजिस्टर करा. फक्त सोशल मीडियासाठी हवी असेल तर आमच्यासारखी ५ सिरीज नकोच, त्यांचीच साधी सिक्युरिटी की बरीच स्वस्त पडते आणि एवढ्या कामाला पुरते. शिवाय ५ सिरीज लॅपटॉपला लावलेली असताना बोट चुकून लागलं की जिथे कर्सर असेल तिथे सीसीसीसी करत लांबच लांब कचरा टाईप होतो. सेटिंगमधून ते बंद करता येतं, पण आधी कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर दोनचारदा जातंच. फर्मवेअर, म्हणजे कीच्या आतलं सॉफ्टवेअर, ५.७ किंवा पुढचं आहे का ते विक्रेत्याला विचारून घ्या, नंतर अपडेट होत नाही, जुना स्टॉक गळ्यात पडतो. आणि दुसरी की ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. आमची वहिनींच्या कपाटात आहे, तिथे जाऊन मागायची पीएंचीपण हिंमत नाही.