तेलात बुडवलेले सर्व्हर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सर्व्हर थंड ठेवायला पंख्यांऐवजी ते तेलाच्या टाकीत बुडवून चालवतो. गारवा उत्तम मिळतो आणि पंख्यांची घरघर गेली, त्याबद्दल तक्रार नाही. हे लिहितोय ते टाकीभोवती काम करणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेबद्दल. टाकी सिंगल-फेज (म्हणजे तेल उकळत नाही, द्रवच राहतं), तेल सिंथेटिक हायड्रोकार्बन, साधारण १००० लिटर.

सोबतच्या सूचनापत्रात भर सगळा आगीवर. तेलाचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते) १५० अंशांच्या वर आणि टाकी चालते ४५ अंशांच्या आसपास. फोम किंवा ड्राय पावडरचं सिलिंडर हाताशी ठेवायचं, पाणी मारायचं नाही, इतकं पक्कं असलं की पुढे बघायचं ते फरशीकडे.

झाऱ्यावर वडे निथळतात तसा बाहेर काढलेला सर्व्हर टाकीवरच्या दांड्यांवर निदान २० मिनिटं निथळू द्यावा. घाई केली की टेबलापर्यंत थेंबांची रेघ पडते आणि रंगहीन तेल इपॉक्सी फरशीवर दिसतही नाही. म्हणून टाकीच्या चारही बाजूंना शोषून घेणारी चटई आणि पायात तेलाला टिकणारे, न घसरणारे बूट. लॅटेक्सचे हातमोजे तेलात फुगतात, नायट्राइलचेच घ्या. २५-३० किलोचा तेलकट सर्व्हर दोघांनी हातांनी उचलणं म्हणजे पाय किंवा बोट जायचंच, हॉइस्ट (उचलायचं यंत्र) लागतोच.

तेल विजेला अडवतं, म्हणून चालू टाकीत हात घालायला हरकत नाही, असं काहींना वाटतं. उघड्या २३० व्होल्टला बोट लागलं तर भोवतालचं तेल वाचवत नाही. ए आणि बी दोन्ही फीड (सर्व्हरला येणाऱ्या विजेच्या दोन वेगळ्या लाइन) बंद करून कुलूप आणि टॅग लावायचा, पॉवर सप्लायमधले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला पाच मिनिटं द्यायची, मगच हात.

सगळ्यात त्रास वायरींचा. वायरीच्या पीव्हीसी आवरणाला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर तेलात उतरतो आणि आवरण कडक होतं. काही महिन्यांनी वाकवलं तर सुकलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखं तडकतं आणि आतलं तांबं उघडं पडतं. तेलाला चालणारी केबल सुरुवातीपासूनच घ्या. दुसरी खोड वातीची: बारीक तारांच्या जुडग्यातून तेल निरांजनासारखं वर चढतं आणि बाहेरचं टोक तेलाच्या पातळीखाली असेल तर सायफन सुरू होतो. टाकीबाहेर तेलाचं थारोळं का, याचं उत्तर बहुधा हेच. टोक पातळीच्या वर ठेवा आणि मध्ये एका जागी तारा तोडून इपॉक्सीने बंद केलेला जोड घ्या.

टाकी गार असताना काठोकाठ भरू नका. २५ वरून ४५ अंशांवर जाताना १००० लिटर तेल १५ लिटरच्या आसपास फुगतं. भोवतीचा बंड (सांडलेलं तेल अडवणारा कठडा) टाकीच्या ११० टक्के क्षमतेचा हवा.

पावसाळ्यात झाकण लागेल तेवढंच उघडायचं. ओलाव्याने तेलाची विद्युतरोधकता घसरते आणि सुटं पाणी जड असल्यामुळे तळाशी बसतं. नमुना तळाच्या व्हॉल्व्हमधूनच घ्यावा. ट्रान्सफॉर्मर तेलाची बीडीव्ही चाचणी (किती व्होल्टला तेलातून वीज आरपार जाते ती) करणारी प्रयोगशाळा हेही तपासू शकते.

वापरलेलं तेल भंगारवाल्याला किंवा गटारात नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावं लागतं.

दरपत्रकात हॉइस्ट, बंड आणि निथळायच्या दांड्या 'ऐच्छिक' म्हणून वेगळ्या दाखवतात. हे सगळं टाकीच्या किमतीतच धरून तुलना करा.