नासाचे 'वर्ल्डव्ह्यू': ध्रुवीय समुद्राचा रंग पाहण्याची सोय आणि तिच्या मर्यादा

तापमानवाढीमुळे आर्क्टिकमधील प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे, काय होत आहे, हे ज्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आहे, त्यांच्यासाठी नासाच्या 'वर्ल्डव्ह्यू' या उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळाइतकी सोयीची सेवा माझ्या तरी पाहण्यात नाही. ती विनामूल्य असून नावनोंदणीही लागत नाही.

सुरुवात नॉर्वे-रशियाच्या उत्तरेकडील बॅरंट्स समुद्रापासून करावी. ऑगस्टमधील एखादा निरभ्र दिवस निवडून 'ॲक्वा' उपग्रहाचे नैसर्गिक रंगांतील चित्र उघडले, की पाण्यात दुधाळ निळसर पट्टे दिसतात. चुनखडीचे सूक्ष्म कवच बाळगणाऱ्या कॉकोलिथोफोर या वनस्पतिप्लवकांचा तो बहर असतो. अटलांटिकचे उबदार पाणी जसजसे उत्तरेकडे घुसत आहे, तसतसा हा बहरही उत्तरेकडे सरकत आहे. नेहमीच्या नकाशात ध्रुवाजवळचा भाग विचित्र ताणला जातो, म्हणून आर्क्टिकचा स्वतंत्र नकाशा निवडावा.

पाण्यातील हरितद्रव्याचे, म्हणजेच पर्यायाने वनस्पतिप्लवकांचे, प्रमाण रंगांनी दाखवणारा नकाशातील थर मात्र जपून वाचावा लागतो. लेना, ओब यांसारख्या सायबेरियन नद्यांच्या मुखाशी दिसणारे चढे आकडे बरेचदा गाळाचे आणि नदीने वाहून आणलेल्या सेंद्रिय द्रव्याचे असतात. ध्रुवीय रात्रीत हा थर कोराच राहतो, आणि बर्फाखालचे तर काहीच दिसत नाही. २०११ मध्ये अलास्का आणि सायबेरिया यांच्यामधील चुकची समुद्रात सुमारे एक मीटर जाडीच्या बर्फाखाली सापडलेला प्रचंड बहर संशोधकांना जहाजाने तिथे जाऊनच गवसला. १९९८ ते २०१८ या काळात आर्क्टिक महासागरातील वनस्पतिप्लवकांचे उत्पादन ५७ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष उपग्रहांच्याच नोंदींवरून निघाला आहे; परंतु ते खाणारे कोण, हे रंगावरून कळत नाही. थंड पाण्यातील चरबीयुक्त, मोठ्या कॅलानस (वनस्पतिप्लवक खाणारे सूक्ष्म कवचधारी जीव) प्रजातींच्या जागी अटलांटिकमधील लहान, कमी चरबीची प्रजाती आली, तर त्यांच्यावर जगणाऱ्या लिटल ऑक पक्ष्यांची उपासमार होऊ शकते, आणि तरीही नकाशा हिरवागारच दिसेल. माझ्या मते हीच या सेवेची सर्वांत मोठी उणीव आहे, अर्थात तिचा दोष संकेतस्थळाकडे जात नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला नासाचा 'पेस' उपग्रह प्रकाशाच्या शेकडो छटा टिपत असल्याने प्लवकांचे प्रकार वेगळे ओळखणे पुढे सोपे जाईल. दीर्घकालीन तुलनेसाठी मात्र अजून २००२ पासूनच्या 'ॲक्वा'च्याच नोंदी वापराव्यात, आणि दोन वर्षांची तुलना करताना थर तोच ठेवावा.