बी४५० मदरबोर्डवर रायझन ७ ५७००एक्स३डी : काही महिन्यांच्या वापरानंतर

हा मदरबोर्ड मी रायझन ५ २६०० सोबत घेतला होता आणि पुढे बोर्ड व रॅम तशीच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता यावा, हाच एएमडीचे एएम४ सॉकेट (बोर्डवर प्रोसेसर बसवण्याची जागा) निवडण्यामागचा मुख्य हेतू होता. तो हेतू साध्य झाला. पण सॉकेट जुळले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. इंटेलच्या आठव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए ११५१ सॉकेटचेच असूनही त्याच सॉकेटच्या जुन्या झेड२७० बोर्डवर चालत नाहीत, हे त्याचे ठळक उदाहरण. आमच्या बी४५०चेही तसेच होणार होते, कारण झेन ३ पिढीचे प्रोसेसर (५७००एक्स३डी त्यांपैकीच) बी४५०सारख्या जुन्या चिपसेटवर, म्हणजे बोर्डच्या मुख्य नियंत्रक चिपवर, चालणार नाहीत असे एएमडीने मे २०२० मध्ये आधी जाहीर केले आणि ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच महिन्यात निर्णय फिरवला.

त्यामुळे शेवटचा शब्द बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट यादीचा. त्या यादीत प्रोसेसरपुढे बायॉसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरची, किमान आवृत्ती दिलेली असते आणि ती आपल्या बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची व रिव्हिजनची आहे ना, हे पाहावे लागते. अनेक जुन्या बोर्डांवर बायॉसची चिप १६ मेगाबाइटचीच असल्याने नव्या प्रोसेसरांना जागा देताना काही जुन्यांचा आधार काढला जातो, हेही ध्यानात असावे. माझ्या बोर्डवर प्रोसेसरशिवाय बायॉस चढवण्याचे बटण नाही. म्हणून २६०० जागेवर असतानाच बायॉस अद्ययावत केले आणि मगच प्रोसेसर बदलला. पहिल्या वेळी सुरू करताना एफटीपीएम (प्रोसेसरमधील सुरक्षा-कळा जपणारी सोय) रीसेट करण्याविषयी विचारणा झाली. बिटलॉकर (विंडोजमधील ड्राइव्ह कुलूपबंद करणारी सोय) वापरणाऱ्यांनी रिकव्हरी की आधीच जपून ठेवावी, नाहीतर आपल्याच ड्राइव्हबाहेर उभे राहण्याची वेळ येते. बायॉसच्या सेटिंग्जही मूळपदावर गेल्याने रॅमचे एक्सएमपी (तिला जाहीर वेगाने चालवणारे सेटिंग) पुन्हा चालू करावे लागले.

खरी धास्ती व्हीआरएमची, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या बोर्डवरील भागाची होती. २६०० हा ६५ वॅटचा, तर हा १०५ वॅटचा प्रोसेसर. पण व्हीआरएमवर हीटसिंक असल्याने आणि कॅबिनेटमध्ये हवा खेळती असल्याने तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करतानाही वेग उतरलेला दिसला नाही. हीटसिंक नसलेल्या स्वस्त बोर्डवर, नाव यादीत असले तरी, मी हे धाडस करणार नाही.

९६ मेगाबाइट एल३ कॅशेचा (प्रोसेसरमधील अतिवेगवान मेमरीचा) फायदा गेममध्ये स्पष्ट जाणवतो, विशेषतः मध्येच बसणारे झटके कमी झाले. ब्राउझर व कार्यालयीन कामांत फरक किरकोळ आहे. प्रोसेसर पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड व एसएसडी जोडणारा मार्ग) ४.० चा असला तरी बी४५० वर ३.० चाच वेग मिळतो, त्यामुळे एसएसडी सेकंदाला साधारण ३,५०० मेगाबाइटच्या पुढे जात नाही. या मार्गाच्या पूर्ण १६ लेन (समांतर वाटा) वापरणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला याची झळ फारशी लागत नाही, मात्र आरएक्स ६५०० एक्सटीसारख्या चारच लेनच्या कार्डाला नक्की लागते.