भिंतीवरचा ७.४ किलोवॅटचा चार्जर: बिल किती उतरतं?

इलेक्ट्रिक गाडीसोबत साध्या सॉकेटला लावायचा पोर्टेबल चार्जर मिळालेला असताना ७.४ किलोवॅटचा वॉल चार्जर बसवला तर वीजबिल उतरतं का? उतरतं, पण थोडंच.

चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीचे कंट्रोलर, कूलंट पंप वगैरे जागे असतात आणि साधारण २०० ते ४०० वॅट खातात. हा खुराक तासावर चालतो. चार्जिंग जितकं रेंगाळेल तितका तो वाढतो. ३०० वॅट आणि ऑनबोर्ड चार्जरची (गाडीच्या आतला, घरातल्या एसी विजेची बॅटरीसाठी डीसी करणारा) ९२ टक्के कार्यक्षमता धरून हिशेब करू. बॅटरीत ३० युनिट भरायला पोर्टेबल चार्जरच्या १० अँपिअरवर सोळा तासांच्या वर लागतात आणि मीटर साडेसदतीस युनिट फिरतो. वॉल चार्जरच्या ३२ अँपिअरवर तेच काम साडेचार-पावणेपाच तासांत, ३४ युनिटांत उरकतं. महिन्याला १००० किमी आणि १०० किमीला १५ युनिट धरले तर फरक सतरा-अठरा युनिटांचा. तेवढ्यावर चार्जरची किंमत वसूल व्हायला वर्षं जातील.

खरी बचत वेळेत आहे. रात्रीचा दर कमी असेल तर वॉल चार्जरने सगळं चार्जिंग त्या तासांत बसतं. १० अँपिअरवर ते अर्धं महागड्या वेळेत सांडतं. स्लॅबचा दर असेल तर गाडीच्या युनिटांना सरासरी नव्हे, शेवटच्या स्लॅबचा दर लावा. डॅशबोर्डवरचा 'युनिट प्रति १०० किमी'चा आकडाही बिलासाठी कामाचा नाही. तो बॅटरीतून निघालेल्या विजेचा असतो, वाटेतली गळती त्यात धरलेली नसते. गाडीचा ऑनबोर्ड चार्जरच ३.३ किलोवॅटचा असेल तर मात्र हा खर्च करूच नका. भिंतीवर काहीही लावा, गाडी ३.३ च घेणार.

वॉल चार्जरची दुसरी जमेची बाजू म्हणजे मधलं प्लग-सॉकेटच नाहीसं होतं. सॉकेटची पकड सैल होऊन तिथे ०.१ ओहम रोध आला, तर १६ अँपिअरला त्या एका ठिकाणी २५ वॅट उष्णता तयार होते, तीही तासन्‌तास. आधी प्लगची पिन काळवंडते, मग प्लास्टिक मऊ पडतं. पोर्टेबलच वापरायचा असेल तर चांगल्या प्रतीचं १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र ४ चौ. मिमी तांब्याची वायर, आणि एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर चार्जिंग बंद.

३२ अँपिअरसाठी निदान ६ चौ. मिमी वायर, अंतर लांब असेल तर १०. एमसीबी (प्रवाह जादा झाला की वीज तोडणारा स्विच) ४० अँपिअरचा. घरात आधीपासून असलेल्या टाइप एसी आरसीसीबीवर (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच; टाइप एसी फक्त एसी गळती ओळखतो) हा चार्जर जोडू नका: डीसी गळती झाली तर तो आंधळा होतो, ट्रिपच होत नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय असेल तर टाइप ए चालतो, नसेल तर टाइप बी घ्यावा लागतो, आणि तो बराच महाग पडतो. म्हणून चार्जर घेतानाच स्पेसिफिकेशनमध्ये ही ओळ शोधा. चार्जर लाल दिवा दाखवून अडून बसला तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा निघतो; ते आधी मोजून घ्या, मग चार्जर बदलून मागा.