साधी तांब्याची वायर की महागडी स्पीकर केबल?

स्पीकरच्या केबलमुळे आवाजात पडणारा फरक मुख्यतः तिच्या विद्युतरोधातून येतो, आणि हा रोध तांब्याची जाडी व लांबी ठरवतात, किंमत नव्हे. २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर अ‍ॅम्प्लिफायरपासून ५ मीटरवरच्या स्पीकरपर्यंत नेली, तर जाण्यायेण्याच्या १० मीटर तारेचा रोध साधारण ०.०७ ओम भरतो. ८ ओमच्या स्पीकरपुढे त्याने होणारी घट ०.१ डेसिबलपेक्षाही कमी असते आणि ती कानाला जाणवत नाही. उलट त्याच अंतरासाठी ०.५ चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरने ४ ओमचा स्पीकर जोडल्यास घट पाऊण डेसिबलच्या आसपास जाते, शिवाय स्पीकरचा स्वतःचा रोध वारंवारतेनुसार बदलत असल्याने ती खर्जापासून तारस्वरांपर्यंत सारखी राहत नाही. येथे फरक खरोखर ऐकू येऊ शकतो.

चांदीच्या केबलचा लाभ त्यामानाने अगदी थोडा आहे. चांदी तांब्यापेक्षा जेमतेम ६ टक्के अधिक सुवाहक असते, आणि तेवढी भरपाई तांब्याची तार किंचित जाड घेतल्याने होते. महागड्या केबलचे मजबूत कनेक्टर मात्र मी मोलाचे मानतो, विशेषतः मंचावर रोज गुंडाळल्या जाणाऱ्या केबलसाठी. घरी ऐकणाऱ्याने दोन्ही केबल्सच्या आवाजाची पातळी समान ठेवून आणि कोणती जोडली आहे हे स्वतःपासून लपवून आधी तुलना करावी. ओळख पटली नाही, तर तो पैसा चांगल्या स्पीकरवर आणि खोलीतील प्रतिध्वनी आवरणाऱ्या जाड पडद्यांवर खर्च करावा.