इंटरस्टेलर: भांडा खुशाल, पण आधी मोठ्या पडद्यावर बघा

२०१४ पासून या अंतराळप्रवासाच्या पिक्चरवर भांडणं चालूच आहेत, फॅन म्हणतात मास्टरपीस, टीकाकार म्हणतात शेवटी प्रेमाबिमाची फिलॉसॉफी घुसडली आणि म्युझिकमध्ये डायलॉगच ऐकू येत नाहीत. डायलॉगचं मलाही पटतं, काही वाक्यं खरंच बुडालीत. पण त्या पाण्याच्या ग्रहावरचा १ तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं, आणि यानात परत आल्यावर २३ वर्षांचे साठलेले व्हिडिओ मेसेज बघताना हिरो कूपर जो रडतो ना, तिथे माझेही डोळे दरवेळी भरून येतात, पोरांपासून तुटलेला बाप इतका खरा मी दुसरीकडे नाही बघितला. पिक्चरमधलं ब्लॅक होल तर भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून बनवलंय राव! १६९ मिनिटं अजिबात जड जात नाहीत. शेवट थोडा ताणलाय, तरी माझ्याकडून साडेचार स्टार.