पाव तोळ्याचा छंद: मिनारा मशिदीजवळचं अत्तराचं दुकान

सुगंधांचा नाद लागून मला 3 वर्षं झाली. महिन्याला 500 रुपयांच्या वर त्यावर घालवायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. एवढ्यात मॉलमधली बाटली येत नाही. मोहम्मद अली रोडवर मात्र पाव तोळा अत्तर येतं. मिनारा मशिदीजवळच्या गल्लीतलं एक चिंचोळं दुकान त्यासाठी मी कुणालाही सुचवेन.

अत्तरवाल्यांच्या हिशोबात तोळा म्हणजे साधारण 12 मिली. त्याचा पाव म्हणजे 3 मिली, करंगळीच्या पेराएवढी बाटली. रोज एकदा टेकवली तरी महिनाभर पुरते. आधी मी सवलतीत 100 मिलीचा एक स्प्रे ऑनलाइन मागवला होता. डोंबिवलीहून लोकलनं फोर्टला पोचेपर्यंत त्याचा वास उडून जायचा. ती बाटली अजून कपाटात तशीच पडून आहे. तेव्हापासून मोठी बाटली घेतलेली नाही.

या दुकानातले चाचा काचेच्या काडीनं मनगटावर थेंब टेकवतात आणि लगेच बजावतात, "चोळू नका ताई, तसंच राहू द्या." पहिल्या खेपेला मी मिट्टी, म्हणजे मातीच्या वासाचं अत्तर, घ्यायला निघाले तर म्हणाले, "आज घेऊ नका. संध्याकाळपर्यंत वास बघा, आवडला तर उद्या या." मी दुसऱ्या दिवशी गेलेच.

मिट्टी हे उत्तर प्रदेशातल्या कनौजचं अत्तर. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर तापवतात. त्याची वाफ बांबूच्या नळीतून भपक्यातल्या, म्हणजे वाफ गोळा करायच्या भांड्यातल्या, चंदनतेलात उतरते. चंदनतेल फार महाग, म्हणून स्वस्त मिट्टीत त्याच्या जागी पॅराफिन असतं. हे मला चाचांनीच सांगितलं. त्यांच्याकडे दोन्ही आहेत: पॅराफिनवरची 250 ला पाव तोळा, चंदनावरची 1,000 ला. मी 2 महिन्यांचं बजेट साठवून दुसरी घेतली आणि एका रविवारी डाव्या हाताला स्वस्त, उजव्या हाताला महाग अशी लावून बसले.

पहिली 10 मिनिटं डावा हातच सरस. कोऱ्या माठात पहिल्यांदा पाणी ओतल्यावर येतो, अगदी तोच वास! उजव्या हाताची माती त्यामानानं मवाळ. दुपारी जेवायच्या वेळेला डाव्या हातावर नुसता तेलकटपणा उरला होता. उजव्या हातावरची माती हळूहळू विरत गेली आणि खालून सहाणेवर उगाळलेल्या चंदनाचा वास वर आला. रात्री भांडी घासून झाल्यावरही कोपराच्या आतल्या बाजूला तो होता. त्या एका दिवसासाठी 1,000 रुपये मला जास्त वाटले नाहीत. तरी सुरुवात करणाऱ्यानं 250 वालीच घ्यावी. हा वास आपला आहे की नाही, ते तेवढ्यावर कळतं.

खस, म्हणजे वाळ्याचं अत्तर, 300 ला मिळतो. मे महिन्यात ऑफिसला जाताना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. परदेशी परफ्यूमच्या नावांची तेलंही फळीवर आहेत. ती मी 4 घेतली, चारही सारखीच गोड निघाली. ती टाळा.

दुकानाच्या दोन गोष्टी खटकतात. बाटल्यांवर पेनानं लिहिलेली चिकटपट्टी असते, तेलाचा हात लागला की अक्षरं पुसट होतात. रोलऑनची टोपणं सैल असतात. एकदा माझ्या पर्समध्ये मजमुआ नावाचं मिश्र अत्तर सांडलं आणि आठवडाभर रुमालापासून रेल्वेच्या पासापर्यंत सगळ्याला त्याचा वास येत होता. बुचाची साधी बाटलीच मागा. अत्तर अंगालाच लावा, रेशमी साडीवर डाग पडतो.

सँडहर्स्ट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला जाऊ नका. एका खेपेला 4 वासांच्या वर घेऊ नका, नाक बधिर होतं. मधेमधे आपल्याच बाहीचा वास घेतला की ते पुन्हा जागेवर येतं.

माझ्या यादीत आता केवडा आहे. तो ओडिशातल्या गंजामकडून येतो, पण घेण्याची घाई नाही. भाद्रपदात दादरच्या फूलबाजारात केवड्याची पानं आली की एक विकत घेईन, ते हातात धरूनच दुकानात जाईन, आणि आधी पान हुंगून मग काडी मनगटाला लावायला सांगेन.